दोघा भावांमधला रेडिओ

आमच्या दुकानात फोटोंना चौकटी करून मिळतात. काच हे कापतात, लाकडाच्या पट्ट्या भाऊजी कापतात, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं, कारण दुकानात कुणीतरी माणसांशी बोलायला हवं. हे म्हणजे माझे यजमान, आणि भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. दोघांची टेबलं समोरासमोर, मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेच्या टोकाला फळीवर रेडिओ. कित्येक वर्षं हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. बोलायचे ते रेडिओशी.

भांडणाचं कारण सांगायचीही लाज वाटते. एक बाई लेकीच्या लग्नाचा फोटो घेऊन आल्या होत्या. भाऊजी म्हणाले, ह्याला साधी पट्टी शोभेल. ह्यांना सोनेरी खपवायची होती. हे फटकन म्हणाले, "त्याला काय विचारता बाई, ज्याचं लग्नच झालं नाही त्याला लग्नाच्या फोटोतलं काय कळणार?" दुकानात तीन-चार माणसं होती, सगळी हसली. भाऊजींचं लग्न ठरून मोडलं होतं, आणि ते किती लागलं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भाऊजी त्या दिवशी बोलले नाहीत, आणि मग बोललेच नाहीत. ह्यांना आपण काय बोललो ते त्याच संध्याकाळी कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. मोठ्यानं आधी कसं बोलायचं, म्हणे. मी पहिल्याच आठवड्यात दोघांना सांगून टाकलं, तुमचे निरोप मी पोचवणार नाही, मी काही पोस्टमन नाही.

मग रेडिओ कामाला लागला. एकदा हवामान सांगणाऱ्या बाईंना भाऊजी म्हणाले, "पाऊस राहू द्या हो बाई, ती मोठ्या आरशाची चौकट आज द्यायचीय की उद्या ते सांगा." बाई म्हणाल्या, दुपारनंतर आकाश ढगाळ राहील. हे काचेवरून मान वर न करता म्हणाले, "उद्या हो, उद्या! कितीदा सांगायचं तुम्हाला?" त्या बिचारीला आपण एका दुकानाचं काम सांभाळतोय हे माहीतही नसेल. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तशी आमच्याकडची लेक म्हणजे रेडिओ, आणि सून व्हायची पाळी दोघांवर आलटून पालटून यायची.

आणि विषयांची ददात नव्हती, हे सरकारी रेडिओचं मानायला हवं. सकाळी बातम्या. मग कुणीतरी बासरी वाजवायचं, ती रंगात येते न येते तोच बाजारभाव. मग जुनी गाणी, गाण्यांच्या पाठोपाठ मधमाश्या कशा पाळाव्यात, मग वकिलाचा सल्ला, मुलांसाठी गोष्ट, श्रोत्यांची पत्रं, जहाजावर आयुष्यभर स्वयंपाक केलेल्या एका म्हाताऱ्याची मुलाखत, आणि त्यानंतर एकदम कुणी बुवा दीड-दोन सुरांवर अर्धा तास बसलेले. कशाचा कशाला मेळ नाही. पण दोघांना प्रत्येकावर मत होतं. वकील म्हणाला, भावंडांनी वाटण्या वेळेवर कराव्यात, की भाऊजी म्हणायचे, "वाटायला काही असलं तर ना!" बुवांनी तान घेतली की ह्यांचं, "आता उतरा खाली, काम आहे." गाण्याला मात्र दोघेही गुणगुणायचे. फक्त एकानं सुरू केलं की दुसरा गप्प.

मागच्या वर्षी आमची लेक शिक्षण संपवून घरी आली, आणि दुकान सुधारायला घेतलं. "आई, गिऱ्हाईक एवढ्या हौसेनं बाळाचा फोटो घेऊन येतं, आणि आपल्याकडे रेडिओवर काय चाललेलं असतं? शेणखत!" तिनं रेडिओ बंद करून कोपऱ्यात स्वतःचा स्पीकर ठेवला. त्यातून दिवसभर गाणीच गाणी, एकाला एक लागून, सगळी गोड. गिऱ्हाइकं खूष झाली, खोटं कशाला बोलू. पण गाण्याशी भांडता येत नाही. आमच्या दुकानात पहिल्यांदाच खरी शांतता झाली, आणि ती मला सोसेना. एका गिऱ्हाइकानं मी बाहेर गेले असताना चौकटीचं माप बदललं आणि ते भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी पट्ट्या नव्या मापाच्या कापल्या. ह्यांनी काच जुन्या मापाची कापली. ती जोडायला घेतली तेव्हा चौकटीत बोटभर फट राहिली. दोघांनी त्या फटीकडे पाहिलं आणि मग दोघांनी माझ्याकडे, जसं काही ते मीच केलं होतं.

"तो जुना लाव," हे लेकीला म्हणाले. "तुझी गाणी वाईट नाहीत गं. पण उठल्याबसल्या गोडच खाल्लं तर जिभेला चव राहत नाही."

लेक फुरंगटली, पण तिनं लावला. मला विचाराल तर मी ह्यांच्याच बाजूची. आपण मागू तेच पुढ्यात वाढणाऱ्याचा मला भरवसा वाटत नाही. मधमाश्यांबद्दल ऐकायचंय असं मी जन्मात कुणाला सांगितलं नसतं. पण कानावर पडलं, आणि माझं कुठं अडलं आहे ते त्या माश्यांचं ऐकताना मला कळलं, असं दोन-तीनदा झालंय. न मागितलेलं कधीकधी बरोबर आपल्याच दारात येऊन उभं राहतं.

आठवड्यातून एकदा दुपारी डॉक्टरांचा कार्यक्रम असायचा. कधी पाठदुखी, कधी डोळे, आणि सांगायला एक शांत आवाजाच्या डॉक्टरीणबाई. भाऊजींचा ह्या बाईंवर विशेष राग, म्हणजे लोभच म्हणा. त्या म्हणाल्या रोज तासभर चाला, की भाऊजी म्हणायचे, "आणि चौकटी तुम्ही येऊन करणार?" त्या म्हणाल्या मीठ कमी खा, की, "मग जगायचं कशावर?" मग ह्यांनी डॉक्टरीणबाईंची बाजू घ्यायची. एरवी ह्यांचा डॉक्टरांवर तिळमात्र विश्वास नाही, पण धाकट्याला विरोध करायला मिळतोय म्हटल्यावर हे मिठावरसुद्धा पाणी सोडायला तयार.

त्या दिवशी बाई घशाबद्दल बोलत होत्या. म्हणाल्या, आवाज बसतो, आपल्याला वाटतं सर्दी असेल. आठवडे जातात, आवाज उतरलेला तो उतरलेलाच. घास अडकल्यासारखा होतो. दुखत नाही, म्हणून माणूस मनावर घेत नाही.

मी एका फोटोला मागून पुठ्ठा लावत होते. माझ्या लक्षात आलं की करवत थांबली आहे.

ह्यांनी काचेवर हिरा ठेवला होता. काच कापायच्या ह्या हिऱ्याचं असं असतं की रेघ एका दमात ओढावी लागते, मधे हात उचलला की काच वाया. दुकानाला आग लागली तरी हे रेघ पुरी करून मगच पळतील, अशी मी ह्यांची थट्टा करते. रेघ ओढता ओढताच हे म्हणाले, "घ्या डॉक्टरीणबाई, आता ऐका, काही लोकांना तुमचं पटायचं नाही."

समोर भाऊजी करवत पट्टीत तशीच ठेवून रेडिओकडे बघत होते.

बाई पुढे म्हणाल्या, "अशी माणसं बऱ्याचदा एकटी राहत असतात. मऊ, पातळ असं खायला लागतात, आणि कुणी विचारलं तर दाढ दुखते म्हणतात."

भाऊजी दुकानाच्या वरच्या खोलीत राहतात, त्यांचं ताट मी वर पाठवते. ताटात कडक काही असलं की ते तसंच परत यायला लागलं होतं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, दाढ." माझ्या हातातला पुठ्ठा तसाच राहिला. त्यांचा आवाजही कितीतरी दिवस खरखरीत येत होता, आणि आम्ही समजत होतो की लाकडाचा भुसा जातो घशात.

काचेवरचा आवाज बंद झाला. रेघ अर्ध्यावर होती. ह्यांनी हिरा खाली ठेवला, त्या अरुंद वाटेनं रेडिओपर्यंत गेले आणि तो बंद केला. बाईंचं वाक्य मधेच तुटलं.

"किती दिवस झाले?" ह्यांनी विचारलं.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, त्यांना सांगा, काही नाही."

"वहिनीला नको. मला सांग."

इतक्या वर्षांत ह्यांच्या तोंडून सरळ धाकट्यासाठी निघालेले ते पहिले शब्द. भाऊजी करवतीचे दात अंगठ्यानं चाचपत राहिले. मग म्हणाले, "झाले बरेच."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार?"

"मी काय मेलो होतो?" हे ओरडले. ह्यांना रडू यायला लागलं की हे ओरडतात, लग्न झाल्यापासून मी पाहते आहे.

"तू रेडिओशी बोलत होतास, दादा," भाऊजी म्हणाले. "मधे कसं बोलणार?"

दुसऱ्याच दिवशी दवाखाना, मग मोठा दवाखाना, मग तपासण्या. घशात गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. जीव वाचेल, अजून वेळ गेलेली नाही. पण स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज राहणार नाही. लिहून, खुणा करून बोलायचं, पुढे एखादं यंत्र मिळालं तर बघू. "आणखी थोडं आधी आला असतात तर," एवढं म्हणून ते थांबले. मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

त्या दिवसांत दोघे बोलायचे, पण कामापुरतं. रिपोर्ट घेतलेस का. गाडी आली का. पाणी पितोस? खरं बोलायचं ते बाजूलाच राहिलं होतं, आणि ते बोलायला भाऊजींकडे उरलेला आवाज मोजकाच होता. रात्री मला झोप येईना, आणि ह्यांनाही येत नव्हती. माझी एकच धास्ती होती, की हा माणूस आता आवाज जाईपर्यंत गाडीचीच चौकशी करत बसतो की काय.

भरती व्हायच्या आदल्या दुपारी हे म्हणाले, "शटर ओढ." मी शटर ओढलं. दिवे लावले. लेकीला मी नजरेनंच वर पाठवलं आणि स्वतः कोपऱ्यातल्या पट्ट्यांपाशी बसले, कारण मला हलवायची कुणाची छाती नव्हती. हे भाऊजींच्या टेबलापाशी स्टूल घेऊन बसले.

"बोल," हे म्हणाले.

"काय बोलू?"

"जे असेल ते. इतक्या वर्षांचं. शिव्या दे हवं तर."

भाऊजी आधी हसले. मग बोलायला लागले. वकील नाही, हवामान नाही, सरळ ह्यांच्या तोंडावर. तो आवाज भोकं पडलेल्या भात्यासारखा येत होता, तरी थांबेना. ती बाई, तो फोटो, ती हसलेली माणसं. एक जण तर चेहऱ्यानं ओळखीचा होता, तो पुढे कित्येक दिवस रस्त्यात भेटला की भाऊजींना तो हसतोय असंच वाटायचं. जिच्याशी लग्न ठरलं होतं तिचं नाव मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. वरच्या खोलीत ताट येतं, पण ताटासमोर कुणी बसत नाही, हेही बोलले. ते मला लागलं, पण माझी पाळी नव्हती. हे मान खाली घालून ऐकत होते.

भाऊजींना खोकला आला. मी पाणी दिलं. ते घोट घोट पीत असताना हे पुटपुटले, "चुकलो."

"काय?" भाऊजी म्हणाले.

"चुकलो म्हटलं."

"इथं काय म्हणतोस? इथं आपण घरचेच आहोत." भाऊजींनी पेला खाली ठेवला. "चारचौघांत बोलला होतास ना? वहिनी, शटर उघडा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्या माणसानं आयुष्यात गिऱ्हाइकासमोर काचेचं मापसुद्धा चुकलं असं कबूल केलेलं नाही. मला वाटलं, आता उठून जातील, आणि मग ह्या घरात मी तरी ह्यांच्याशी बोलेन की नाही कोण जाणे.

हे उठले, पण दाराकडे गेले आणि मला बाजूला करून स्वतःच शटर वर ढकललं.

बाहेर ऊन होतं. पायरीवर एक मध्यमवयीन गृहस्थ आपली चौकट न्यायला आले होते, बहुधा बराच वेळ उभे असावेत. त्यांच्यामागे दोन कॉलेजच्या मुली काही विचारायला थांबल्या होत्या. गृहस्थांनी पावती पुढे केली. ह्यांनी ती घेतली नाही.

"हा माझा धाकटा भाऊ," हे म्हणाले. आवाज एवढा मोठा होता की शेजारचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. "मी ह्याला एकदा इथंच, लोकांसमोर, ह्याच्या लग्नावरून बोललो होतो. नीच बोललो होतो. माझं चुकलं."

गृहस्थ गोंधळून एकदा ह्यांच्याकडे, एकदा भाऊजींकडे बघत राहिले. मुलींतली एक नकळत हसली आणि लगेच गप्प झाली. ह्यांनी दोन्ही हात शर्टाला पुसले.

भाऊजींनी मान हलवली.

"हां," ते म्हणाले. "आता आलं ऐकू."