मागची डिकी

ऐक, आधी फक्त ऐक. मध्ये काही विचारू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटेल.

आपल्या देवव्रतचे गंगाधरमामा आहेत ना, नाशिकला अंबडमध्ये इलेक्ट्रिक पॅनेलचा कारखाना असलेले, त्यांनी दसऱ्याला गाडी आणली. साधी गाडी नाही. दोनच सीट, जमिनीला पोट टेकेल की काय अशी बुटकी, आणि इंजिन बॉनेटखाली नाहीच. सीटच्या पाठीमागे, गाडीच्या मधोमध. वजन मध्ये असल्यामुळे वळणावर ती रस्ता सोडतच नाही म्हणे. शून्यावरून शंभरवर जायला तुझी एक शिंक पुरते. देवव्रतने तिचे एवढे व्हिडिओ पाहिले होते की मामांना बटणं तोच समजावत होता. हे दाबलं की गाडीचं नाक वर उचललं जातं, स्पीडब्रेकरला घासत नाही. हे फिरवलं की आवाज बदलतो.

इंदिरामामी दारात हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी. म्हणाली, "सगळं बरोबर आहे रे देवा, पण माणसं बसवायची कुठे?"

लहानपणापासून ती त्याला देवाच म्हणते. देवव्रत म्हणायला तिला लांबलचक वाटतं.

तर पूजा झाली. चाकांखाली लिंबं, झेंडूची माळ, सगळं. गल्लीतली माणसं इंजिन बघायला जमली म्हणून मामांनी मागचं झाकण उघडून ठेवलेलं. वर काच, आत लाल झाकणाचं इंजिन, शोकेसमध्ये ठेवल्यासारखं. आणि मामीचा नेम असा की नव्या गाडीची पहिली खेप माहेरच्या देवीला, सिन्नरच्या पुढे. ओटी भरायची, मग गाडी बाकी कुठेही न्या. मामांकडे पाहुण्यांची रीघ लागलेली. ते म्हणाले, "देवव्रत, तू घेऊन जा हिला. पण गाडीला ओरखडा नको हं. हिला आला तर चालेल."

सगळे हसले. मामीपण हसली.

तिला आत बसवायला दोघं लागले. गुडघे दुखतात तिचे, आणि सीट म्हणजे पाळण्याच्या तळाशी. ती बसली नाही, पडलीच. म्हणाली, "आता बाहेर काढायला क्रेन आण."

नाशिकरोड सुटलं, शिंदे-पळसे मागे पडलं, आणि पुढे मोकळा रस्ता दिसल्यावर देवव्रतने जरा दाबली. जराच, शपथ. पाठीत कोणी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली. मामीने डॅशबोर्ड धरला, डोळे मिटले, आणि उघडल्यावर म्हणाली, "परत कर." तो तर उडालाच. मामी हसत होती रे, केस विस्कटलेले, पोरीसारखी.

मोहदरी घाटाच्या पायथ्याशी पुढे ट्रकची रांग लागली. गाडी मुंगीच्या चालीने. तेव्हा वास आला.

मामी म्हणाली, "कापराचा वास येतोय का रे? देवी आली बघ बरोबर."

देवव्रतला वाटलं, असेल पूजेचा, कपड्यांना लागलेला. मग त्यात कापड जळाल्याचा वास मिसळला. त्याला वाटलं, पुढच्या ट्रकचं क्लच. मग त्याने आरशात बघितलं आणि आरशात मागचा रस्ताच नव्हता. पांढरा धूर होता. काचेच्या आत.

"मामी, ओटीचं सामान कुठे ठेवलंस?"

"डिकीत. मामांनी उघडी ठेवली होती ना, एका कोपऱ्यात छान बसलं. नारळ, खण, कापराची पुडी."

"कुठल्या डिकीत?"

"मागच्या. डिकी मागेच असते ना."

 त्या गाडीची डिकी पुढे आहे, बॉनेटखाली. मागे फक्त इंजिन. आणि त्याने ते सगळे व्हिडिओ पाहिलेले, म्हणून त्याला नको ते पण माहीत होतं. पेट्रोलची टाकीसुद्धा सीटच्या मागेच, हातभर अंतरावर. गाडी पळत असेल तर वारा इंजिन थंड करतो. थांबली की सगळी धग आतच कोंडते. थांबलो तर भडकणार, आणि न थांबता जायला पुढे ट्रक.

त्याने गाडी डावीकडे दाबली आणि बंद केली. घाईत इतकी दाबली की मामीचं दार कठड्याला टेकायलाच आलं. दार उघडलं तर हात बाहेर जाईल एवढीच फट.

तो बाहेर पडला. आतून मामीचा आवाज आला, "देवा... देवा..."

आता बघ, त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या. एक, परत आत वाकून मामीला त्याच्या सीटवरून ओढून काढायचं. दोन सीटमधला उंचवटा केवढा, मामीचे गुडघे तसे, एकट्याने किती वेळ लागला असता कोण जाणे. दुसरी, झाकण उघडून ते ओटीचं गाठोडं बाहेर फेकायचं. झाकण उघडलं की हवा लागणार, आणि हवा लागली की काय होणार ते त्याला माहीत नव्हतं. व्हिडिओत ते कोणी सांगत नाही.

तो मागे पळाला.

झाकण उघडलं तर भपकन ज्वाळा तोंडापर्यंत. भुवई जळाली त्याची, उद्या भेटला की बघ, आणि हसू नकोस. खण पेटलेला, नारळाची शेंडी पेटलेली, लाल झाकणाची कड वितळून ओघळत होती. त्याने दसऱ्याचा नवा झब्बा ओढून काढला, हाताला गुंडाळला, गाठोडं उचललं आणि रस्त्यावर भिरकावलं. कोपऱ्यात राहिलेली ठिणगी झब्ब्यानेच दाबली. नारळ गडगडत गेला तो एका ट्रकच्या चाकाखाली, फट्‌कन फुटला. आणि हा सगळा वेळ आतून तोच आवाज, "देवा... देवा..." त्याला वाटलं, मामी जप करतेय. करू दे, म्हटलं. त्या क्षणी त्याला तो आधारच वाटला.

धूर विरल्यावर त्याने स्टिअरिंग वळवून गाडी हाताने मागे ढकलली, कठड्यापासून जरा लांब घेतली आणि मामीचं दार उघडलं. दोन ट्रकवाल्यांनी मिळून तिला बाहेर काढलं. ती मैलाच्या दगडावर बसली.  पाणी दिलं, प्यायली नाही.

तेवढ्यात मामांचा फोन. देवव्रतने सगळं सांगितलं, मामी आत जप करत होती तेही. मामा म्हणाले, "शाबास रे. गाडी वाचवलीस." फोन स्पीकरवर होता.

मामीने वर बघितलं. तिचा आवाज अगदी साधा होता, रागाचा पण नाही. म्हणाली, "मी देवाला नव्हते रे बोलवत. तुला बोलवत होते."

देवव्रत म्हणाला, "मामी, मी तुझ्यासाठीच तिकडे..." ओटीचं सामान मागे तिनेच ठेवलेलं, हे त्याच्या अगदी जिभेवर होतं. गिळलं त्याने.

मामी एका ट्रकवाल्याबरोबर उंच केबिनमध्ये बसून घरी गेली. त्या गाडीत परत पाय ठेवला नाही.

काल रात्री मला फोन करून एकच विचारत होता. झाकणाकडे पळताना त्याच्या डोक्यात मामी होती की गाडी? म्हणतो, मला खरंच आठवत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते.

तू सांग. आतून तुझ्या नावाने हाक येतेय, मागे धूर आहे. तू काय केलं असतंस?