अर्धा पुसलेला भुंगेरा

मी एक भुंगेरा बोलतोय. काळा, अंगठ्याच्या नखाएवढा, जमिनीवर धावणारा. धावणारा म्हणजे पूर्वी. गेली चौतीस वर्षं मी संग्रहालयाच्या एका लाकडी खणात टाचणीवर उभा आहे. टाचणी उजव्या पंखातून आरपार गेली आहे. दुखत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला हळहळायला नको.

माझा जन्म ओढ्याकाठच्या एका शेतातला. दिवसा दगडाखाली बसायचं, अंधार पडला की अळ्या धरायच्या, एवढाच संसार. त्या दगडाखाली आमची दाटीवाटी असायची. तिथेच कोणाच्या तरी अंगाला अंग घासलं आणि माझ्याकडे एक पाहुणी राहायला आली. डाव्या पंखाच्या कडेला, केसासारखी. केस कसला, बुरशी होती ती. उघड्या डोळ्याला धुळीचा कण वाटावा एवढी. मुळं-बिळं काही नाहीत, नुसता एक काळा पाय, तो माझ्या पंखात रोवलेला. ती माझ्यावरच जगायची. मी तिच्यामुळे मेलो नाही. खाजलंसुद्धा नाही.

मेलो तो किडे धरायला जमिनीत पुरलेल्या एका डब्यात पडून. त्यात औषध होतं.

संग्रहालयात मी लख्खभाऊंच्या हाती आलो. त्यांचं खरं नाव वेगळं, पण सगळे लख्खभाऊच म्हणत, कारण त्यांच्या हातचा किडा आरशासारखा चमकायचा. कामाची रीत ठरलेली होती. किडा भिंगाखाली धरायचा, बारीक ब्रश स्पिरिटमध्ये बुडवायचा, आधी उजवी बाजू, मग डावी. माती, धूळ, केस, चिकटलं असेल ते साफ. "बघणाऱ्याला किडा दिसला पाहिजे, घाण नाही," असं ते म्हणायचे. त्या शेतातून आम्ही चारशे बारा जण आलो होतो. चारशे अकरा जणांना त्यांनी न्हाऊमाखू घातलं.

मी शेवटचा. माझी उजवी बाजू झाली आणि ब्रश डावीकडे वळणार, इतक्यात दारातून कोणीतरी म्हणालं, "लख्खभाऊ, हॉस्पिटलमधून फोन आहे."

ते गेले. परत आले तेव्हा खुर्चीत बसलेसुद्धा नाहीत. मला खणात ठेवलं, वहीत तारीख घातली, 'उजवी बाजू झाली' असं लिहिलं आणि निघाले. त्यांची बायको त्या दिवशी गेली. घरी चार वर्षांची मुलगी होती. हे मला नंतर शिपायांच्या बोलण्यातून कळलं. तो खण लख्खभाऊंनी पुन्हा उघडला नाही.

मग नुसता अंधार आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. ओढ्याकाठचं शेत गेलं, तिथे गोदामं उभी राहिली, हेही असंच कानावर आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटणारं जे काही असतं, ते त्या डब्यातच राहिलं असावं.

खण उघडला तो त्या मुलीने. आता अडतीस वर्षांची, चष्मेवाली, याच संग्रहालयात नोकरीला. त्या शेतातल्या भुंगेऱ्यांवर एक निराळीच बुरशी असते, असं कोणीतरी एका जुन्या पत्रात ओझरतं लिहून ठेवलं होतं. ती बुरशी कोणत्या घराण्यातली, तिचं नाव काय, हे हिला शोधायचं होतं. शेत तर उरलंच नव्हतं. उरलो होतो फक्त आम्ही.

तिने एकेकाला भिंगाखाली धरलं. सगळे लख्ख. पहिल्या शंभरानंतर ती हसून म्हणाली, "बाबा, धन्य आहे तुमची." तीनशेनंतर हसायची थांबली.

मग माझी पाळी आली. अर्धा चमकता, अर्धा मळका. तिने भिंग डाव्या पंखाच्या कडेवर सरकवलं. "आहेस तर," एवढंच म्हणाली. नंतर वहीतली तारीख पाहिली. ती तारीख तिला वेगळी सांगायला नको होती. चष्मा काढून पुसला, परत पुसला.

ओळख पटवायची तर बुरशी सुईच्या टोकाने पायासकट सोडवायची, काचपट्टीवर घ्यायची आणि तिच्या माथ्यावरच्या फांद्या तपासायच्या. नाव त्या फांद्यांवरून कळतं. बुरशी एकच होती, चुकायला जागा नव्हती. तिने सुई उचलली. हात थरथरत होता. सुई खाली ठेवली. "उद्या सकाळी," ती स्वतःशीच म्हणाली. कोणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

मग तिने फोन लावला. "बाबा, तुमचा अर्धा राहिलेला भुंगेरा सापडला. हो, तोच. टेबलावरच ठेवलाय. उद्या या ना, एक गंमत दाखवते." बुरशीचं काही बोलली नाही. तीच तर गंमत होती.

सकाळी तिच्याआधी लख्खभाऊ आले. पहारेकरी जुना, त्याने आत सोडलं. पाठ वाकलेली, खिशात जुना ब्रश. भिंगाखाली मला पाहिलं. "राहिलास होय रे," म्हणाले. "चौतीस वर्षं डोक्यात बसलायस." वाटीत स्पिरिट ओतलं. त्यांचा हात मात्र जराही थरथरला नाही. डावी बाजू, वरून खाली, कड शेवटी.

ती आली तेव्हा ते ब्रश पुसत होते.

"झालं एकदाचं," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या दिवशीचं काम. हे अर्धं टाकून गेलो, तरी तिच्यापाशी वेळेवर पोचलो नाहीच. बघ तरी, कसं झालंय."

ती खाली वाकली. डाव्या पंखाची कड भिंगातून पाहिली.

"छान झालंय, बाबा."

"आणि गंमत काय दाखवणार होतीस?"

"हीच," ती म्हणाली.

त्यांना तिने खाली चहाला पाठवलं आणि वाटी ओढून घेतली. दुपारपर्यंत त्यातल्या स्पिरिटचा थेंब थेंब भिंगाखाली घातला. शेवटी बुरशी सापडली. अंग शाबूत होतं. पाय नव्हता, आणि माथ्यावरच्या फांद्या मोडल्या होत्या. घराणं कळलं. नाव कळलं नाही. आता ते कळायचंही नाही.

काचपट्टीच्या चिठ्ठीवर तिने माझा पत्ता लिहिला, तारीख लिहिली आणि खाली शेरा मारला: 'नमुना अपूर्ण. हाताळताना माझ्या हातून मोडला.' त्याखाली सही केली.

पायऱ्यांवर लख्खभाऊंची पावलं वाजली तेव्हा ती पट्टी पेटीत गेलेली होती.

पुढेमागे कोणी ही पेटी उघडेल, तो शेरा वाचेल आणि म्हणेल, काय धांदरट बाई होती. तसं म्हणू नका. तिथे मी होतो. सांगणारा दुसरा कोणी नाही म्हणून हा सगळा खटाटोप.

मी परत खणात आहे. दोन्ही बाजूंनी चकचकीत. बुरशीचा काळा पाय तेवढा अजून माझ्या डाव्या पंखात रुतून बसला आहे. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.