पांढऱ्या गवतावरचे खूर

माळव्यात बर्फ पडत नाही. पण त्या माघात मांडूच्या दरीत दव गोठले आणि गवत पांढरेफटक झाले. धार दरबारचा माग काढणारा गणोजी त्यावरच्या खुरांच्या ठशांमागे वाकून चालला होता, आणि त्याच्यामागे बंदूक घेऊन पाहुणे सरदार. सांबराचा नर पडला की माग काढणाऱ्याला मानाचा मंदील मिळे. गणोजीच्या बापाला मिळाला होता, त्याला अजून नाही.

ऊन चढत होते. दव वितळले की माग संपला.

"खूर खोल आहेत, सरकार. नरच," गणोजी घाईने म्हणाला.

बार.

झुडपामागे मादी पडली होती. खूर खोल होते ते पोटातल्या ओझ्याने. ते ओझे अजून हलत होते.

"चूक माझी, सरकार. गाभण आहे."

"गप रे भिया!" सरदारांनी भावासारखी त्याच्या पाठीवर थाप मारली. "कोठीत जुनी शिंगं रग्गड आहेत. एक जोडी हिच्या नावानं टांगू."

दुसऱ्या दिवशी भर दरबारात, त्या जुन्या शिंगांखाली, गणोजीच्या डोक्यावर मंदील चढला.

घरी भवानीबाईने नवऱ्याला ओवाळले. "मामंजींना शोभायचा तस्साच शोभतो हो! नर मोठा होता?"

"होता," गणोजी म्हणाला.