बेटावरच्या मुलीचा रंग

“बाबा, झाला का तिचा गाल माझ्या हातासारखा?”

आठ वर्षांच्या लेकीचा हा आवाज म्हाताऱ्याच्या कानात अजून तसाच होता. लेकीनं चाळिशी ओलांडली, केसांत रुपेरी तारा आल्या. तो आवाज तेवढा मोठा व्हायचा राहून गेला.

म्हातारा सिनेमात मेकअपमन होता. त्याच्या एका सिनेमाची गोष्ट अशी: बोटीतून वाहून गेलेली तीन भावंडं, अनोळखी बेट, आणि त्यांना वाट दाखवणारी तिथली काळीसावळी मुलगी. घरोघरच्या पोरांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला होता. बेटावरची मुलगी झाली होती ती मात्र दुधासारखी गोरी. तिला सावळं करायचं काम ह्याचं, आणि ते त्याचं पहिलंच स्वतंत्र काम. रोज सकाळी लेकीला शेजारच्या स्टुलावर बसवायचं, तिचा हात दिव्याखाली धरायचा, तपकिरीत जरा पिवळा, जरा लाल घालत घालत त्या परक्या गालावर तिचा रंग उतरवायचा. लोक म्हणत, हातात जादू आहे. लेक कान देऊन ऐकत बसे. सगळे संवाद तिला पाठ होते. लेकीचा रंग पडद्यावर गेला, लेक स्टुलावरच राहिली.

आज दुपारी नात शाळेतून आली ती उड्या मारतच.

“आजोबा, आम्ही तुमच्या सिनेमाचं नाटक करतोय! बाई म्हणाल्या, त्या रंगाचं प्रमाण आजोबांकडून लिहून आण.”

“लावायचाय कुणाला?”

“आमच्या मॉनिटरला. तीच बेटावरची मुलगी आहे ना.”

“आणि तू गं, ठमे?”

“मी झाड. पण पुढचं हं! मागची झाडं तर दिसणारसुद्धा नाहीत.”

म्हाताऱ्याला हसू आलं आणि ओठांवरच सुकलं. नात आईवर गेली होती. तोच रंग, तेच टपोरे डोळे.

“तुला नाही व्हायचं बेटावरची मुलगी?”

नात दप्तराचा पट्टा पिळत राहिली. “मला सगळं पाठ आहे. तिला तर मधलं मधलं आठवतच नाही. उद्या बाईंना विचारू का? उद्यानंतर बदलणार नाहीत म्हणाल्या.”

स्वयंपाकघरातून लेक हात पुसत बाहेर आली.

“काही विचारायला जायचं नाही. तोंडघशी पडशील. चारचौघांत बोलणं आपल्याला नाही जमत, बाळा. मी महिनाभर सेटवर होते, सगळ्यांच्या नजरेसमोर. जमण्यासारखं असतं तर घेतलं नसतं का कुणी मला? काही अडलं का माझं?”

सुरात कडवटपणा नव्हता. बाजारातून भाजी आणली, इतक्या सहज ती बोलून गेली. म्हाताऱ्याला लागलं ते तेच. हे चारचौघांत न जमणं तिचं नव्हतंच; कुणी, कधी तिच्या अंगाला चिकटवलं ते त्याला ठाऊक होतं. आता ते नातीच्या अंगावर चढू लागलं होतं.

“द्या हो बाबा लिहून,” लेक म्हणाली. “शाळेत कौतुक होईल तुमचं.”

नातीनं वही पुढे केली. त्यानं ‘तपकिरी’ लिहिलं, ‘चार चमचे’ लिहिलं, आणि पेन थांबलं.

“विसरलात का आजोबा?”

“नाही गं, विसरता आलं असतं तर बरं होतं.”

त्यानं पेनला टोपण लावलं. मग तो लेकीकडे वळला.

“तुला कुणी घेतलं नाही, असं नव्हतं,” तो म्हणाला. “पहिल्याच सकाळी दिग्दर्शकानं तुला मागितलं होतं. म्हणाला, ही असताना रंग कशाला? आणि मला वाटलं, रंगच नको, तर मग मी तरी कशाला? म्हणून मी सांगितलं, तिला जमणार नाही, चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी खोटं बोललो, पोरी. तुला जमलं असतं.”