शेवटचे वर्ष २००९

मित्रांनो, माझ्या पट्ट्यावर बाराच वर्षे कोरलेली आहेत, १९९८ पासून २००९ पर्यंत. मी तारखेचा शिक्का आहे. वर काळी मूठ, खाली पितळी चौकट आणि तिच्यात तीन रबरी पट्टे. एक दिवसाचा, एक महिन्याचा, एक वर्षाचा. माझा महिना आकड्यांत नाही, अक्षरांत आहे. एवढे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी ऐट त्यातच आहे.

मला झेलिका गोदे हिने मंक्टन शहरातल्या एका दुकानातून विकत आणले. पोर्ट-सिमाँ या कोळ्यांच्या गावच्या धक्क्यावर तराफे तपासण्याची शेड आहे, तिथली कचेरी ती सांभाळते. शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडायला जाणाऱ्या प्रत्येक बोटीवर पांढऱ्या डब्यात घडी घातलेला एक तराफा असतो. बोट बुडाली की दोर ओढायचा, मग तो आपोआप फुगतो. पण वर्षातून एकदा तो शेडमध्ये उघडून तपासावा लागतो. तपासून झाला की झेलिका बोटवाल्याच्या कागदावर आणि कचेरीतल्या कार्डावर मला दाबायची. ठप्प! बोटवाले तो निळा ठसा निरखून म्हणत, "बसला झेलिकाचा ठप्पा. आता बायकोला झोप लागेल." हे ऐकले की माझी मूठ गरम व्हायची.

दर एप्रिलमध्ये ती माझ्या ठशांची कार्डे दोन दिवस चाळायची. कोणाचे वर्ष भरले ते शोधायची आणि फोन करून एकेकाला झापायची. गावात कोणी स्वतःची तारीख लक्षात ठेवतच नसे. झेलिकाचा फोन आला म्हणजे तपासणी आली, नाही आला म्हणजे सगळे ठीक, अशी रीतच पडली होती.

मग २००६ साली टेबलावर संगणक आला. त्याच्यासोबत डार्लीन प्रुइट नावाची तरुण बाई आली. ती इंग्रजी बोलणारी, झेलिका फ्रेंच बोलणारी, पण दोघींचे छान जमले. डार्लीनने सगळी कार्डे संगणकात भरली आणि त्यात एक क्वेरी, म्हणजे यादी काढायची सूचना, लिहून ठेवली. चौकटीत एक तारीख टाकायची, की शेवटची तपासणी त्या तारखेच्या आधी झालेले सगळे तराफे यादीत हजर! दोन दिवसांचे काम, पण संगणकाने ते शिंक यावी तेवढ्या वेळात केले. झेलिका त्याची काच रोज मऊ फडक्याने पुसायची. मला मात्र आता फक्त बोटवाल्यांच्या कागदापुरते उचलले जायचे, आणि माझी शाईची गादी वाळत चालली होती. सांगायला लाज वाटते, पण मी जळलो. चांगला तीन वर्षे जळलो. त्याच्याकडे कितीही वर्षे होती, आणि माझी संपत आली होती.

"एकदा तरी याचे थोबाड फुटू दे," असे मी मनात म्हणायचो.

२००९ च्या फेब्रुवारीत डार्लीनने झेलिकाला क्वेरी चालवायला शिकवले. चाचणीसाठी पंधरा फेब्रुवारी टाकली, यादी अगदी बरोबर आली. मार्चमध्ये डार्लीन बर्फावर घसरली आणि पाय मोडून घरी बसली. त्यामुळे एप्रिलची यादी पहिल्यांदाच झेलिकाने काढली. हंगामाचे पहिले सापळे समुद्रात टाकायचा दिवस एक मे. म्हणजे ज्यांची शेवटची तपासणी मागच्या एक मेच्या आधी झाली, त्यांचे वर्ष भरले. तिने एक मे २००८ अशी तारीख टाकली. यादीत दोनच बोटी आल्या, आणि त्याही कित्येक वर्षे धक्क्यामागे कुजत पडलेल्या.

"दोनच!" झेलिका हरखून म्हणाली. "यंदा सगळे शहाणे झाले की काय!" आणि तिने संगणकाच्या डोक्यावर थोपटले. मला कधी कोणी थोपटले नव्हते.

अठ्ठावीस एप्रिलला तिचा धाकटा भाऊ आलीर फ्रिकोचे पातेले घेऊन आला. कोंबडीचा तो रस्सा त्याच्या बायकोने खास नणंदेसाठी केला होता.

"काय गं, यंदा फोन करून शिव्या नाही दिल्यास? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"यादीत नाव नाही तुझं. आला असशील एकदाचा वेळेवर."

"मी? वेळेवर? अगं, मी स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचलो होतो!"

तो खो खो हसला आणि खिशातून तराफ्याचा कागद काढून त्याने टेबलावर आपटला. त्यावर माझा निळा ठसा होता. पाच, मग अक्षरांत एप्रिल, मग २००८. झेलिकाचे हसू मावळले. वर्ष भरून तेवीस दिवस उलटले होते, आणि तीन दिवसांनी पहाटे हा माणूस समुद्रात निघणार होता.

तिने डार्लीनला फोन लावला आणि आवाज मोठा करून ठेवला.

"तारीख कशी टाकलीस?" डार्लीनने विचारले.

"शून्य एक, शून्य पाच. एक मे. आम्ही असंच लिहितो."

"झेलिका, संगणक आधी महिना वाचतो गं. त्याने पाच जानेवारी धरली. त्यानंतर तपासलेले सगळे तराफे त्याने गाळले."

"मग पंधरा फेब्रुवारी कशी बरोबर घेतली मेल्याने?"

"पंधरावा महिना नसतोच ना! म्हणून त्याने आकडे आपणच फिरवले. बारापर्यंतच्या तारखांना तो फसतो. मीच मूर्ख. चाचणी एक तारखेची घ्यायला हवी होती."

मित्रांनो, त्या क्षणी मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! फुटले एकदाचे थोबाड! मी टेबलावर नाचलो असतो, पण मला पाय नाहीत.

तो आनंद तासभरच टिकला. आलीरचा तराफा शेडमध्ये आणून फुगवला, तर एका बाजूची शिवण उसवलेली निघाली. अर्धा तराफा फुगला, अर्धा जमिनीवर लोळत राहिला. आलीर उलट्या बादलीवर बसला.

"घरी सांगू नकोस," तो म्हणाला.

झेलिकाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि ती तिथेच रडली. मी तिच्या मुठीत होतो. आपण काय मागत होतो ते मला तेव्हा कळले. मी संगणकाचे वाईट चिंतले होते, पण ते या माणसाच्या बोटीत येऊन पडले असते.

डार्लीन कुबड्या टेकत आली. महिना नावाने निवडल्याशिवाय क्वेरी पुढेच जाणार नाही, अशी सोय तिने केली. या खेपेला यादीत आठ नावे आली, त्या दोन कुजक्या बोटी धरून. झेलिकाने आलीर सोडून बाकीच्या पाच जणांना त्याच संध्याकाळी झापले. दुसऱ्या दिवशी सगळा धक्का म्हणाला, "काय हुशार संगणक आहे!" महिना अक्षरांत लिहायची अक्कल कोणाची, हे कोणीही विचारले नाही. खरे सांगतो, मी पुन्हा जळलो.

माझे शेवटचे वर्ष असेच सरले. एकतीस डिसेंबरला दुपारी दार उघडले आणि आलीर तराफा ओढत आत आला.

"अजून चार महिने आहेत की तुला!" झेलिका म्हणाली.

"माहीत आहे. पण उद्यापासून तुझ्या शिक्क्यात वर्ष नाही ना? मला त्याचाच ठप्पा हवाय."

तपासणी झाली. झेलिकाने गादीवर नवी शाई ओतली आणि मला दोन्ही हातांनी दाबले. ठप्प!

आता मी संगणकाशेजारी कागदांवर वजन म्हणून बसतो. मित्रांनो, तारीख लिहाल तेव्हा महिना नावाने लिहा. आणि तुमच्या घरी एखादा जुना शिक्का असेल, तर त्याची शाई वाळू देऊ नका. काच अजूनही रोज पुसली जाते आणि मी ते बघतो. पण समुद्रावर, आलीरच्या पांढऱ्या डब्यात, जो कागद आहे त्यावर संगणकाचे काहीच नाही. तिथे मी आहे.