झोळीचा नंबर

गोळीला अंगावरून खाली ठेवलं की तिला ते बरोबर कळतं. डोळे मिटलेले, श्वास संथ, मुठी सैल सुटलेल्या, म्हणून मी अलगद वाकते, आणि पाठ गादीला टेकते न टेकते तोच भोकाड. जन्मली तेव्हा इतकीशी होती की नर्स म्हणाली, "हे बाळ कसलं, गोळी आहे नुसती," आणि तेच नाव पडलं. पहिले दोन महिने मी एका हाताने जेवले, एका हाताने केस विंचरले, एका हाताने दारं उघडली. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी कपाटातली जुनी सुती चादर उभी फाडली, एका टोकाला दोन लाकडी कड्या शिवल्या, दुसरं टोक त्यांतून ओढून घेतलं आणि गोळीला माझ्या छातीशी बांधून टाकलं.

"घे. झाले दोन्ही हात मोकळे. आता भांडी घास."

सासूबाईंनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. आमची पुढची खोली अजूनही निम्मी त्यांचीच आहे: खिडकीपाशी मशीन, मधोमध कापायचं टेबल, आणि जमिनीवर कितीही झाडलं तरी दोऱ्यांचे तुकडे. त्या टेबलावर आम्ही दुसरी झोळी बेतली, मग शेजारणीच्या लेकीसाठी तिसरी, आणि बघता बघता मागणी चाळिसावर गेली. मी रीतसर नोंदणी केली, माझ्या नावावर. धंद्याला नाव दिलं 'झोळी'.

"झोळी?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दारोदार मागायला निघालीस की काय?"

त्याच सुमारास दूरच्या एका देशातून एका बाईंचं पत्र आलं. त्यांचं बाळंतिणींच्या वस्तूंचं दुकान आहे. आमच्या गल्लीत वर्षभर राहून गेलेल्या त्यांच्या बहिणीने एक झोळी नेली होती. ती त्यांना इतकी आवडली की त्यांनी एकदम दीडशे मागवल्या. अट एकच. माल तिकडच्या गोदामात राहणार आणि आमच्याच नावाने विकला जाणार, तेव्हा तिकडच्या करखात्याचा ओळख नंबर आम्ही घ्यायचा. 'बाहेरच्या कंपन्यांनाही मिळतो,' त्यांनी लिहिलं होतं, 'फक्त तो तुम्हाला स्वतः मागावा लागतो.'

"बघ, मागावा लागतो!" सासूबाई म्हणाल्या. "नाव अगदी बरोबर ठेवलंस."

त्या हसत होत्या, पण माझा जीव त्या नंबरात अडकला होता. बाळंतपणाची रजा एक तारखेला संपत होती. नवऱ्याने आणि मी ठरवलं होतं: ही मागणी हाती आली तर मी नोकरी सोडायची. नाही आली तर गोळी सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत पाळणाघरात. पाळणाघर बघूनही आलो होतो. स्वच्छ होतं, बाई मायाळू होत्या, भिंतीवर ससे रंगवले होते. मी सगळ्याला छान छान म्हटलं आणि परतताना रस्ताभर गोळीच्या पाठीवरचा हात काढला नाही.

करखात्याच्या संकेतस्थळावर अर्ज होता. त्यातल्या दुसऱ्याच रकान्यात लिहिलं होतं, जबाबदार व्यक्तीचा या देशातला कर-नंबर टाका.

"नंबर मागायला नंबर लागतो?" नवरा म्हणाला. "मग पहिला नंबर मिळालेला माणूस काय आभाळातून पडला?"

खाली बारीक अक्षरांत सापडलं: ज्यांना असा नंबर नाही अशा परदेशी कंपन्यांनी कागदी अर्ज फॅक्सने किंवा पोस्टाने पाठवावा, अथवा फोन करावा. फोनवर त्यांची भाषा बोलायची मला भीती वाटली, म्हणून कागद. नवरा पेन घेऊन बसला.

"जबाबदार व्यक्ती कोण लिहू?"

"या घरात?" मशीनवरून आवाज आला. "मला लिही."

"आई, नोंदणी हिच्या नावावर आहे."

"मग हिला लिही बापडीला. पण विचारलंस म्हणून सांगितलं."

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे फॅक्सचं मशीन निघालं, प्लास्टिकच्या झाकणाखाली. "चालतं का हो?" मी विचारलं. "चालतं ना," तो फुंकर मारत म्हणाला, "चालवत कुणी नाही, एवढंच."

दोन आठवड्यांनी अर्ज परत आला. नोंदणीच्या कागदावरचं नाव आणि अर्जावरचं नाव जुळत नाही.

चूक आमचीच. झोळी हा शब्द त्यांच्या लिपीत बसतच नाही. नोंदणी केली तेव्हा इथल्या कारकुनाने झेड-ओ-एल-आय लिहिलं. झोळ्यांवर शिवायच्या नावाच्या पट्ट्या छापून आणल्या, त्यांवर मध्ये एक एच घुसला, कारण मला तो शोभून दिसला. आणि नवऱ्याने अर्ज भरला तो समोरची पट्टी बघून. तेवढ्यात दुकानवाल्या बाईंचा निरोप आला: शुक्रवारी मी नव्या मालाची मांडणी ठरवते. तोवर नंबर आला नाही तर तुमच्या मालाची फळी दुसऱ्याला द्यावी लागेल, फार वाईट वाटतंय.

तो बुधवार होता. आता फोनच.

तिकडे कचेरी उघडते तेव्हा इकडे दुपारचे दोन वाजतात, गोळीच्या झोपेची वेळ. मी तिला झोळीत घेतलं, फोन कापायच्या टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला. वाजंत्री सुरू झाली. 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' पुन्हा वाजंत्री. एक तास दहा मिनिटं मी डुलत उभी होते. मग खट्कन आवाज आला, कोणीतरी "नमस्कार" म्हणालं, मी घाईने वाकले, आणि झोळीतून लोंबणारा गोळीचा पाय फोनवर पडला. अंगठा नेमका लाल बटणावर.

मी रडले नाही. सासूबाईंनी मशीन थांबवलं, माझ्याकडे पाहिलं, गोळीच्या पायाकडे पाहिलं.

"उद्या मोजे घाल तिला," त्या म्हणाल्या.

गुरुवारी मोजे घातले. फोन टेबलाच्या मधोमध सरकवला. कागद आणि पेन शेजारी ठेवलं. पन्नास मिनिटांनी एक बाई आल्या. त्यांचा घसा पार बसला होता. त्यांनी आपला कर्मचारी म्हणून असलेला ओळख क्रमांक भरभर सांगितला, रोजच्या सवयीने, एका दमात, आणि खोकल्या. आमच्या घरात त्या तेव्हापासून घसाबाई.

"कंपनीचं नाव?"

मी अक्षरं सांगितली. कागदावरची, एच गाळून.

"या पत्त्यावरून आलेला एक जुना अर्ज दिसतोय मला. त्यात एच आहे. खरं स्पेलिंग कुठलं?"

आता काय सांगू? तोंडातून निघून गेलं, "खरं कुठलंच नाही, मॅडम. ते अक्षर तुमच्याकडे नाहीच."

मला वाटलं, ठेवला फोन.

"म्हणून दाखवा."

"झोळी."

"झोली."

"नाही, जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं. ळ."

"ल. र. ड." त्या खोकल्या. "थांबा हं. ल्ड."

मशीनवर सासूबाई तोंडावर हात दाबून बसल्या होत्या.

"बरं," घसाबाई म्हणाल्या, "कागदावर आहे तसं लिहिते, एच काढून टाकते. जुना अर्जही बंद करते, नाहीतर तुमच्या नावाने दोन नंबर निघतील आणि पुढे तुम्हीच बसाल निस्तरत. काय विकता तुम्ही?"

"बाळाला अंगाशी बांधून घ्यायचं कापड."

"ते मागे कुरकुरतंय, ते त्यातच आहे का?"

"हो. माफ करा हं."

"माफी कसली? मालाची परीक्षा चाललीय म्हणायची." त्यांनी टकटक काहीतरी भरलं. "आमच्या देशात तुमचे कर्मचारी किती?"

"शून्य."

सासूबाईंना त्यांची भाषा येत नाही, पण तीस वर्षं इंग्रजी शाळांची मापं फोनवरून घेतल्यामुळे आकडे मात्र येतात. त्यांनी मान वर केली. "शून्य? आणि मी कोण गं?"

"तिकडचे विचारतायत, आई. तिकडचे."

"जबाबदार व्यक्ती कोण?" घसाबाईंनी विचारलं. "म्हणजे धंद्यात शेवटचा शब्द जिचा असतो ती. मी फक्त तिच्याशीच बोलू शकते."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी हाताने नुसती खूण केली, बोल की.

"मी," म्हटलं. "मीच."

"छान. आता नंबर सांगते. पत्र यायला पाचसहा आठवडे लागतील, तोवर तुम्ही लिहून घ्याल तोच नंबर. लिहा."

गोळी नेमकी त्याच क्षणाला झोपली होती, हनुवटी माझ्या गळ्यापाशी, तोंड उघडं. पेन उघडलं तर चालेना. टेबलावर गिरवलं, जिभेवर टेकवलं, तरी चालेना. हाताशी होता तो शिंप्याचा पांढरा खडू, आणि समोर निळं कापड, पुढच्या झोळीसाठी अंथरलेलं. मी कापडावरच लिहू लागले. सहा आकडे झाले आणि गोळी दचकून उठली, ओरडली, मला पुढचं काही ऐकूच येईना.

"मॅडम, एक मिनिट, प्लीज, ठेवू नका..."

"मी धरून आहे," बसलेल्या घशाने त्या म्हणाल्या. "तिला घ्या आधी. मला तीन आहेत. मी धरून आहे."

आणि खरंच धरून राहिल्या. मी डुलत होते, गुणगुणत होते. फोनमधून फक्त त्यांचा श्वास, मधूनच खोकला. कोणत्याही कचेरीने माझ्यासाठी असं थांबल्याचं मला आठवत नाही. गोळी निवली तेव्हा त्यांनी उरलेले तीन आकडे सांगितले, मग नऊच्या नऊ पुन्हा म्हटले, मग माझ्याकडून वदवून घेतले.

"झो...ळी," शेवटी त्या म्हणाल्या. अगदी ळ नव्हता, पण ल तर मुळीच नव्हता. फोन बंद झाला.

मी आतल्या खोलीत गोळीला पाजायला घेतलं आणि तिच्या आधी मलाच झोप लागली. जाग आली ती इस्त्रीच्या वाफेच्या वासाने. उठून बाहेर आले. टेबल मोकळं. निळं कापड नाही, आणि सासूबाई वाफेची इस्त्री फिरवत कापडांचा गठ्ठा सपाट करत होत्या. खडू वाफेने जातो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

"आई, ते कापड! निळं!"

"ओरडू नकोस, ती उठेल."

"त्याच्यावर नंबर होता!"

"मग?" त्यांनी मशीनच्या खुर्चीवरून निळी घडी उचलली. "खडू कधी टिकतो का? तू झोपलीस आणि मी लागले कामाला."

घडी उलगडली. खडूच्या प्रत्येक रेषेवरून लाल दोऱ्याचा धावदोरा गेला होता. टाके बारीक, एकसारखे, गणवेशाच्या खिशावर शाळेचं नाव काढायच्या तसे. नऊ आकडे. एवढंच की सातवा आकडा मला जरा वेगळा वाटला.

"इथे मी एक लिहिला होता ना?"

"तू काय लिहिलंस ते गोळीच्या लाळेत गेलं. नुसता डाग होता. तो सात आहे. ती बाई दोनदा सात म्हणाली, आणि तूही तिच्यामागे सातच म्हणालीस."

"नक्की?"

"सूनबाई, तीनशे पोरांच्या कमरा मी फोनवरून ऐकून शिवल्यात. एकाची चड्डी कधी खाली आली नाही."

संध्याकाळी नंबर पाठवला. दुकानवाल्या बाईंचं उत्तर लगेच आलं: फळी तुमचीच. सोमवारी मी माझ्या कचेरीत जाऊन राजीनामा दिला, गोळीला बांधूनच नेलं. तरी ते सात माझ्या मनातून जाईना. माल बांधला, पाठवला, आणि मी रोज टपालपेटी उघडून बघत राहिले.

पत्र सहाव्या आठवड्यात आलं. सासूबाईंनी निळं कापड आणून टेबलावर पसरलं, पत्र त्याच्याखाली धरलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत गेल्या. सातव्यापाशी बोट थांबलं: पत्रातही सातच. त्यांनी वर पाहिलं. नुसत्या भुवया उडवल्या. मी त्यांना मिठी मारली. मध्ये गोळी होती, तिने दोघींचे केस धरले.

"सोड गं, चष्मा!"

"आई, घसाबाईंना एक पत्र लिहावं वाटतंय," मी म्हटलं. "आभाराचं. पण कुणाच्या नावे पाठवू? त्यांनी सुरुवातीला स्वतःचा ओळख क्रमांक सांगितला होता, मी मूर्ख, लिहूनच घेतला नाही."

सासूबाई कापडाची घडी घालत होत्या. घडीवरून नजर न काढता त्यांनी सात आकडे म्हटले, एका दमात, मध्ये कुठेही न अडखळता. शेवटी बारीक खोकल्यासुद्धा, हुबेहूब.

मी नवं पेन आणलं. पत्र त्यांच्या भाषेत लिहिलं, लहानसंच: तुम्ही धरून राहिलात, म्हणून माझी मुलगी माझ्याजवळ आहे. गोळी आता बसायला लागली आहे. दीडशे झोळ्या तुमच्या गावांत फिरत असतील, कधी दिसलीच तर ओळखाल. खाली आमचं नाव मात्र आमच्या लिपीत काढलं, आणि त्यातला ळ जरा मोठा, दोन्ही गोल नीट दिसतील असा.