पंख्याच्या तोंडापुढचं भूत

दारात चपलांचा ढीग, खिडकीत मुंडकीच मुंडकी, आणि आत टेलरमास्तरांची बायको धापा टाकत होती. समोर धुपाटणं पेटवून बसलेले धूपमहाराज गरजले, "बोल! कोण आहेस तू?"

बोलायला श्वास तर हवा! तिच्या छातीतून नुसती शिट्टी वाजली.

"ऐकलंत? सासू आहे, मेलेली सासू!" महाराजांनी निकाल दिला. "धूर बाधत असता तर मला नसता बाधला? मीही इथेच बसलोय की!"

गर्दीने माना डोलावल्या. मास्तरांना तर हे आधीच पटलं होतं. आईची जुनी गोधडी पेटीतून काढली की बायकोला दम लागायचा. आईलाही असाच लागे. तिला तिच्या सासूने धरलं होतं म्हणे. घराण्याची रीतच ती! दवाखान्यातून मिळालेला, तोंडात मारायचा श्वासाचा फवारा महाराजांनी बंद करवला होता, तो मास्तरांच्या खिशात पडून होता.

तेवढ्यात मेहुणी आली. ती शाळेत विज्ञान शिकवायची. बहिणीला तिने आधी हाताला धरून दारातल्या मोकळ्या हवेत बसवलं. मग तिची नजर महाराजांच्या पाठीमागून सगळा धूर बहिणीकडे ढकलणाऱ्या टेबलफॅनवर गेली.

"हा कशाला?"

"महाराजांना उकडतं ना," मास्तर म्हणाले.

तिने पंखा उचलला आणि समोरून महाराजांवर रोखला. सगळा धूर त्यांच्या दाढीत शिरला. महाराज खोकून खोकून लाल झाले.

"बंद कर... पंखा!"

"तुम्हाला कुणाची सासू लागली, महाराज?"

गर्दी खो खो हसली. मेहुणी मात्र वळली. "दाजी, फवारा कुठाय?"

मास्तरांनी सवयीने महाराजांकडे पाहिलं. महाराजांचं मुंडकं खिडकीबाहेर होतं. मास्तरांचा हात खिशात गेला.

फवारा घेतल्यावर बायकोची शिट्टी हळूहळू विरली.

"तिला दमा आहे, दाजी. गोधडीतली धूळ, बुरशी, हा धूर, सगळ्याने श्वासनळ्या आवळतात. त्यात तुम्ही औषधच बंद केलंत! चला, आता डॉक्टरांकडे."

"मग आईला..." मास्तर धुपाटण्याकडे बघत म्हणाले, "तिलाही आम्ही धूरच दिला होता गं. शेवटपर्यंत."

मास्तरांनी स्वतः उठून धुपाटण्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

तेव्हा मंडळी, घरात कुणाचा श्वास अडला तर आधी धूर विझवा, औषध द्या, दवाखाना गाठा. भुताला थांबायला वेळ असतो; माणसाला नसतो.